ॲक्रिलिकची शीट घेताना जाडी सगळ्यात शेवटी ठरवा

ॲक्रिलिकची शीट मागितली की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती एमएम?" आपणही पटकन "तीन" म्हणून मोकळे होतो. घरगुती कामांत हे उत्तर बऱ्याचदा बरोबर ठरतं, पण ते सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी शीट कापणार कशी, जोडणार कशी आणि लावल्यावर तिच्या वाट्याला ऊन, उष्णता, वजन यांपैकी काय येणार, हे ठरवायचं. त्यावरून प्रकार ठरतो, मग जाडी.

मी घरी सर्किटच्या डब्यांची झाकणं, फोटोफ्रेमच्या काचा, ड्रॉवरमधले कप्पे, छोटे दिवे आणि जहाजांच्या मॉडेलवर ठेवायच्या पारदर्शक पेट्या असली कामं करते. पेटीला लागते ती शीट दिव्याला चालत नाही आणि दिव्याची कप्प्यांना चालत नाही. म्हणून प्रत्येक कामाला मी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारते.

कास्ट की एक्सट्रूडेड

दुकानदाराला जाडीच्या आधी हे विचारा. दोन्ही शीट दिसायला सारख्याच असतात, दोन्हींतून साधारण ९२ टक्के प्रकाश आरपार जातो, पण त्या बनतात वेगवेगळ्या आणि हत्यार लागलं की वागतातही वेगवेगळ्या.

कास्ट शीट बनवताना दोन काचांच्या मध्ये पातळ द्रव ओतून तो तिथेच घट्ट होऊ देतात. तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या खूप लांब असतात, त्यामुळे ती करवतीखाली किंवा ड्रिलखाली लवकर वितळत नाही, भुगा कोरडा पडतो. सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारे द्रव, तेही ती जास्त सोसते. एक्सट्रूडेड शीट म्हणजे वितळलेलं प्लास्टिक रोलरांमधून दाबत काढलेली सलग पट्टी. ती स्वस्त पडते, जाडीही सगळीकडे जवळपास एकसारखी असते, पण ड्रिल जोरात चालवलं की ती मऊ होऊन बिटला चिकटते. कापलेल्या कडेवर आतला ताण राहतो आणि तिथे सॉल्व्हंट किंवा स्पिरिट लागलं की केसासारख्या बारीक चिरा उमटतात.

लेझरने कोरायचं असेल तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. कास्टवर कोरलेली अक्षरं पांढरी, दवासारखी उठून दिसतात. एक्सट्रूडेडवर तीच अक्षरं पारदर्शक राहतात आणि लांबून वाचताच येत नाहीत. नावाची पाटी किंवा खालून एलईडी लावलेलं कोरीव चित्र करायचं असेल तर कास्टच हवी, इथे तडजोड करू नका. उलट फक्त सरळ काप हवे असतील, फोटोफ्रेमची काच किंवा साधं झाकण असेल, तर एक्सट्रूडेडने काम उत्तम होतं.

कास्टची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. ३ मिमी म्हणून घेतलेली शीट मोजली तर २.७ भरते, कधी ३.३. खाचेत खाच बसवून डबा करणार असाल तर हातात आलेला तुकडा कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजा आणि मगच खाचेचं माप काढा. आधी ड्रॉइंग करून नंतर शीट आणली की एक तर खाच सैल पडते, नाहीतर बसवताना कोपरा उडतो.

दुकानदाराला प्रकार माहीत नसेल, आणि असं बऱ्याचदा होतं, तर टाकाऊ कोपऱ्यात एक भोक पाडून बघू द्यायला सांगा. पांढरा, चुरचुरीत भुगा पडला तर बहुधा कास्ट. लांब दोऱ्यासारखे तंतू निघून बिटभोवती गुंडाळले गेले तर एक्सट्रूडेड. शीटवर चिकटवलेलं कागदाचं आवरण म्हणजे कास्ट आणि प्लास्टिक फिल्म म्हणजे एक्सट्रूडेड, असं पुष्कळ जण सांगतात. तो अंदाज म्हणून ठीक आहे, पण त्यावर पैसे मोजू नयेत.

ती ॲक्रिलिकच आहे ना?

प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स, ल्युसाइट ही सगळी ॲक्रिलिकचीच, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटची, कंपन्यांनी ठेवलेली नावं आहेत. शोधताना ही सगळी वापरा. नेटवर तर शोध दुप्पट रुंद होतो. प्लेक्सिग्लास जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये आणलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरची पारदर्शक छतं याच पदार्थाची होती. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले त्याचे कपचे डोळा सहन करतो, हे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं आणि १९४९ मध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत याच पदार्थाचं पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आपण ज्याचे ड्रॉवरचे कप्पे करतो तो पदार्थ हा आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

पण पारदर्शक दिसणारी प्रत्येक शीट ॲक्रिलिक नसते. तीन पदार्थ तिच्या जागी हमखास हातात येतात.

पहिला पॉलिस्टायरिन. स्वस्त फोटोफ्रेममध्ये 'काच' म्हणून असतो तो बहुतेक हाच. तो ठिसूळ असतो आणि उन्हात पिवळा पडतो. त्याची परीक्षा घरी सहज होते. १ लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि नखाएवढा तुकडा त्यात पाण्याखाली नेऊन सोडा. पॉलिस्टायरिन वर तरंगतो, ॲक्रिलिक बुडतं. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने पुसून काढा, नाहीतर ॲक्रिलिकही तरंगल्यासारखं दिसतं.

दुसरा पॉलिकार्बोनेट, लेक्सान हे त्याचं एक प्रसिद्ध नाव. घनता ॲक्रिलिकच्या जवळपास असल्याने तोही त्या पाण्यात बुडतो. इथे वाकवून बघायचं. डोळ्यांवर गॉगल लावा आणि अरुंद पट्टी पकडीत धरून वाकवा. पॉलिकार्बोनेट काटकोनात वाकतो पण तुटत नाही, ॲक्रिलिक मध्येच कट्कन मोडतं. हा पदार्थ वाईट मुळीच नाही. जिथे मार बसणार, यंत्रापुढचं संरक्षक कवच हवं, तिथे मी तोच घेते. पण त्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि लेझरखाली त्याची कड करपून तपकिरी होते.

तिसरा पारदर्शक पीव्हीसी. लेझरवाल्याकडे स्वतःची शीट घेऊन जाणार असाल तर ती पीव्हीसी नाही याची खात्री करूनच जा. लेझरच्या उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रालाही गंज चढवतो. खात्री नसेल तर तो तुकडा लेझरखाली घालूच नका.

शीट मिळते कुठे

पूर्ण शीट साधारण ८ फूट बाय ४ फुटांची येते. ३ मिमी जाडीला तिचं वजन साडेदहा किलोच्या आसपास भरतं. घरच्या छोट्या कामाला एवढी शीट घेणं म्हणजे उरलेली सांभाळायची डोकेदुखी. म्हणून आधी कटपीस शोधा.

कटपीस सगळ्यात चांगले मिळतात ते साइनबोर्ड आणि डिस्प्ले बनवणाऱ्यांकडे. त्यांच्या मोठ्या कामातून उरलेले हातभर, वीतभर तुकडे कोपऱ्यात उभे असतात आणि ते वजनावर किंवा अंदाजाने द्यायला बहुतेक जण तयार असतात. लेझर कटिंगवाल्यांकडेही तसेच तुकडे असतात. शिवाय लेझरवर चालते ती शीट कोणती, हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून 'कास्ट की एक्सट्रूडेड' याचं खात्रीचं उत्तर मला त्यांच्याकडूनच जास्त मिळालं आहे. प्लास्टिक शीटचे डीलर मापाला कापून देतात; चार कडा सरळ आणि काटकोनात मिळणं हे जास्तीच्या पैशांपेक्षा मोलाचं आहे. फ्रेमवाल्यांकडे पातळ, २ मिमीची शीट मिळते.

आणखी एक जागा सांगते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: मोडीत निघालेला एलसीडी मॉनिटर. त्याच्या पडद्यामागे कडेच्या दिव्यांचा प्रकाश सगळीकडे पसरवायला एक जाड पारदर्शक पाटी बसवलेली असते आणि ती सहसा ॲक्रिलिकची असते. अतिशय स्वच्छ, सपाट. एका अंगाला बारीक ठिपके छापलेले किंवा कोरलेले असतात, पण दिवा किंवा ट्रेसिंगची पाटी करायला तेच उपयोगी पडतात. तिच्या जोडीला प्रकाश मऊ करणाऱ्या दुधी फिल्म फुकट मिळतात. फक्त एलईडीचा मॉनिटर निवडा. जुन्या मॉनिटरमध्ये काचेच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो, त्यांना हात लावू नका. वायर काढल्यावरही पॉवर सप्लायच्या बोर्डवरचे कपॅसिटर काही काळ भारलेले राहतात, तो भाग उघडायचा नाही.

कटपीस हातात आल्यावर प्रकाश तिरका पडेल असा धरून बघा. सरळ बघितलं तर ओरखडे दिसतच नाहीत. कोपऱ्यांत चंदेरी चिरा असतील तर तुकडा नाकारा. त्या पुढे सरकतात. आवरणाचा एक कोपरा उचलून पाहा. उन्हात किंवा गोदामात फार दिवस राहिलेल्या शीटचा कागद असा चिकटतो की तो नखाने सुटत नाही.

जाडी

आता जाडीकडे येऊ. ॲक्रिलिक काचेच्या निम्म्या वजनाचं असतं. ए४ मापाचा ३ मिमीचा तुकडा सव्वादोनशे ग्रॅमच्या आत भरतो, तेवढीच काच पावणेपाचशेच्या आसपास. हलकं म्हणून आपण खूश होतो, पण ताठपणात ॲक्रिलिक काचेच्या फार मागे आहे. त्याच जाडीची पट्टी त्याच वजनाखाली काचेपेक्षा वीसएक पट जास्त वाकते. काचेची फळी काढून तिथे तेवढ्याच जाडीची ॲक्रिलिकची फळी बसवली की ती खाली झुकते, आणि दोन महिन्यांनी वजन काढलं तरी बाक पूर्ण जात नाही.

यावर उपाय म्हणजे जाडी, आणि जाडीचा हिशोब आपल्या बाजूने आहे. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ३ मिमीऐवजी ६ मिमी घेतली तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठ पट. ५ मिमीलाच तो साडेचार पटीच्या वर जातो. म्हणून 'थोडी जाड घेऊ' असं वाटलं तर ४ वर थांबू नका, ५ किंवा ६ घ्या. पैसे वाढतात तेवढा फायदा दिसतो.

माझ्या कामांपुरतं सांगायचं तर फ्रेमची काच २ मिमी, सर्किटची झाकणं ३, हातभर उंचीच्या मॉडेलवरची पेटी ३ किंवा ४, आणि पेटी त्याहून मोठी असेल तर ५. ड्रॉवरच्या कप्प्यांनाही ३ पुरते, कारण त्या पट्ट्या एकमेकींना आधार देतात. फळी करायचीच असेल तर ८ पासून पुढे आणि मध्ये आधार. पाण्याची टाकी घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. पाण्याचा दाब दिवसरात्र चालू असतो आणि तो जोडावरच येतो.

घरी सुरीने कापणार असाल तर ३ मिमी ही सोयीची मर्यादा समजा. ॲक्रिलिक कापायची आकडीच्या टोकाची खास सुरी मिळते. पोलादी पट्टी घट्ट धरून एकाच रेषेवर आठ-दहा वेळा ओढायचं, जाडीचा तिसरा हिस्सा खोल चरा पडला की रेषा टेबलाच्या कडेवर आणून एका झटक्यात मोडायचं. हळूहळू वाकवलं तर तडा रेषा सोडून भलतीकडे पळतो. त्यापुढच्या जाडीला बारीक दातांची करवत लागते, किंवा सरळ दुकानातच कापून घ्या.

भोकांसाठी जाडी कितीही असली तरी एक नियम पाळा. भोक स्क्रूपेक्षा १ ते २ मिमी मोठं हवं. ॲक्रिलिक उष्णतेने बरंच फुगतं. १ मीटरची पट्टी तापमान ३० अंशांनी वाढलं की २ मिमीने लांबते. भोक घट्ट असेल तर सगळा ताण स्क्रूपाशी जमतो आणि तिथूनच तडा जातो. निमुळत्या डोक्याचे स्क्रू वापरू नका, ते पाचरीसारखे भोक फाडतात. सपाट डोक्याचा स्क्रू आणि खाली वॉशर घ्या. ड्रिल करताना शीटखाली लाकूड घट्ट दाबून ठेवा. बिट पलीकडे बाहेर पडतो त्या क्षणीच कपचा उडतो.

चिकटवायचं असेल तर

चांगला जोड सॉल्व्हंटने होतो. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, म्हणून कडांमध्ये फट अजिबात चालत नाही. कोरडी जुळणी करून प्रकाशाकडे धरा; उजेड दिसला तर कड पुन्हा घासा. जोड बरोबर असेल तर सुईच्या टोकाने सोडलेला थेंब स्वतःच फटीत धावत जातो. काही मिनिटांत तुकडे धरतात, पण पूर्ण ताकद यायला एक दिवस द्या. लेझरने कापलेल्या कडांवर मात्र ताण साठलेला असतो आणि सॉल्व्हंट लागताच त्या चिरतात, एक्सट्रूडेडमध्ये जास्तच. म्हणून चिकटवायची पेटी मी करवतीने कापलेल्या कास्टमध्येच करते.

या सॉल्व्हंटांत बहुतेकदा डायक्लोरोमिथेन असतं आणि त्याची वाफ शरीराला खरंच घातक आहे. काम गच्चीवर किंवा अंगणात करा, मुलांना लांब ठेवा. साधे नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की हातमोजा काढून टाका आणि हात धुवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू पारदर्शक ॲक्रिलिकवर टाळा. त्याच्या वाफेचा पांढरा धुरकट डाग जोडाभोवती बसतो.

रंग, दिवे, उष्णता

दिव्यासाठी दुधी शीट घ्यायची, पण दुधी शीटचेही खूप प्रकार असतात. दुकानात मोबाइलचा टॉर्च मागे धरून बघा. टॉर्चचा ठिपका स्पष्ट दिसत असेल तर ती शीट एलईडीचे ठिपकेही दाखवणार. घरी बसवताना दोन एलईडींमध्ये जेवढं अंतर तेवढं तरी अंतर एलईडीची पट्टी आणि शीट यांच्यात ठेवा, म्हणजे प्रकाश एकसंध पडतो.

साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ॲक्रिलिक नेऊ नका; शंभराच्या थोडं वर ते मऊच पडतं. जुन्या तारेच्या बल्बजवळ, शेगडीशेजारी, मेणबत्तीभोवती ते लावू नये. ते पेट घेतं आणि जळते थेंब खाली पडतात. ऊन मात्र ॲक्रिलिक छान सोसतं, वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही. फ्लुओरोसंट रंगांच्या शीटची गोष्ट वेगळी. त्यांच्या कडा पेटल्यासारख्या चमकतात, पण उन्हात तो रंग लवकर उतरतो. जुना फोटो किंवा चित्र जपायचं असेल तर अतिनील किरण अडवणारी शीट मागा, साधी पुरत नाही. काळी चकचकीत शीट फोटोत देखणी दिसते, पण रोज हात लागणार असेल तर मॅट फिनिश घ्या.

आवरण कधी काढायचं

आवरण शेवटपर्यंत काढू नका. खुणा त्यावरच करा, कापणं आणि भोकं त्यासकट करा. सॉल्व्हंट लावताना फक्त जोडापुरतं, बोटभर सोलून घ्या, कारण आवरणाखाली सॉल्व्हंट शिरला तर तो तिथे अडकून पृष्ठभाग खातो. कडा आधी सुरीच्या मागच्या बाजूने खरवडा, मग पाणी लावून ४००, ६००, १००० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. मधला टप्पा गाळला तर आधीचे ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात.

आवरण काढल्यावर शीटवर स्थिर वीज येते आणि आजूबाजूची धूळ झपाट्याने येऊन बसते. कोरड्या फडक्याने पुसू नका, धूळच ओरखडे पाडते. पाण्यात सौम्य साबण, मऊ ओलं फडकं, बस. काच पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्याने, स्पिरिटने, थिनरने किंवा ॲसिटोनने ॲक्रिलिक कधीही पुसू नका. स्टिकरचा किंवा जुन्या कागदाचा गोंद निघत नसेल तर थोडं रॉकेल कापसावर घेऊन हलक्या हाताने चोळा, ते ॲक्रिलिकला इजा करत नाही. मग लगेच साबणाच्या पाण्याने धुऊन टाका.